चपड्या आणि माझं अर्धं लिव्हर

माझ्या धाकट्या भावाला सगळे चपड्या म्हणतात. घरात म्हणतात, कामावर म्हणतात, आता तर हॉस्पिटलातल्या नर्सही म्हणायला लागल्यात. चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे तुकडे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि त्या बोळ्याने लाकडावर हात मारत बसायचं. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. असे पुष्कळ हात बसले की कपाटाच्या दारात आपलं तोंड दिसायला लागतं. हा त्याचा धंदा. स्वभावाने म्हणाल तर शाळेत मास्तरांनी छडी मारली तरी मास्तरांचाच हात दुखला असेल म्हणून हळहळणारा. अशा माणसावर रागवायचं कसं, असं लोक विचारतात. मी रागावते. मला जमतं.

मी त्याची मोठी बहीण. कपडे उसवून, आवळून, लांबी कमी करून द्यायचं माझं दुकान आहे. एक शिवणयंत्र, एक आरसा, गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, एवढाच पसारा. माझ्या तोंडी लागू नये, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही माहीत आहे.

त्याचं पिणं कसं सुरू झालं ते सांगते, कारण लोकांना वाटतं, काहीतरी मोठं दुःख असणार. दुःख कसलं डोंबलाचं! तो ज्या कारखान्यात काम शिकला तिथल्या पॉलिशवाल्यांची एक रीत होती. शेवटचा हात मारून झाला की त्या लाकडाला कोणी शिवायचं नाही. बोट लागलं की ठसा उमटला, आणि ठसा उमटला की अख्खं काम पाण्यात. पण दिवसभर चाललेले हात असे एकदम थांबतात होय? ते पुन्हा पुन्हा तिकडेच जातात, इथे जरा पुसू, तिथे जरा बघू. म्हणून शेवटचा हात झाला की सगळे कारागीर लाकडापासून लांब जाऊन बसायचे आणि बाटली काढायचे. हातात ग्लास असला की हात कामाकडे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा भाऊ नवीन होता तेव्हा वस्तादाने त्याच्याही हातात ग्लास दिला. पुढे शेवटचा हात रोज यायला लागला. मग हात नसला तरी ग्लास यायला लागला.

आता त्याच्या बायकोची पंचाईत ऐका. कुठलीही बाई पिणाऱ्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घेते आणि समजायचं ते समजते. माझ्या भावजयीने काय करावं? त्याच्या शर्टाला स्पिरिट, केसांना स्पिरिट, नखांत लाख. जवळ गेलं की नाक झोंबायचं. ‘प्यायलात का?’ म्हणून तिने विचारलं की हा म्हणायचा, ‘कामाचा वास आहे गं.’ आणि तोंड इतकं साधं करायचा की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपण उगाच संशय घेतला. तिची शपथ घ्यायचा, माझी शपथ घ्यायचा. इतक्या शपथा घेतल्या की आम्ही दोघी अजून जिवंत कशा राहिलो याचंच मला नवल वाटतं. बायकोला कधी बोट लावलं नाही, कामाचा कधी खाडा केला नाही, आणि म्हणून कितीतरी वर्षं सगळे म्हणत राहिले, चपड्या घेतो थोडी, पण माणूस चांगला आहे.

मग एकदा तो माझ्याकडे पँट सैल करून घ्यायला आला. मी कंबरेला टेप लावला आणि बघतच राहिले. हातपाय काड्या झालेले आणि पोट तेवढं पुढे, ताणलेलं, कातडी चकचकीत. हे काही खाल्ल्याचं पोट नव्हे. त्याला उजेडात ओढला तर डोळे पिवळे. ‘कावीळ असेल,’ तो म्हणाला. ‘कावीळ तुझ्या बापाला!’ मी म्हटलं, आणि बाप माझाही तोच आहे हे विसरून त्याला तसाच, टाचण्या लावलेल्या पँटसकट, हॉस्पिटलात नेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं लिव्हर होतं, झाकणासारखं उघडायचं. ते उघडून त्यांनी आम्हाला दाखवलं. पोटात पाणी झालंय, लिव्हर दगडासारखं झालंय, दारू आजपासून बंद. काही जणांचं दारू बंद केल्यावर बरंच सुधारतं, थांबून बघू, म्हणाल्या. थांबून बघितलं. दारू बंद झाली, पोटातलं पाणी काही हटेना. मग एके दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली, आणि बाई म्हणाल्या, ‘आता औषधाने भागणार नाही. लिव्हर बदलावं लागेल. नाहीतर वर्षभरही निघणं कठीण आहे.’

मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळायची यादी लांबलचक. दुसरा रस्ता म्हणजे जवळच्या नातलगाने आपलं अर्धं द्यायचं. लिव्हर कापलं तरी परत वाढतं, पालीच्या शेपटीसारखं. भावजय लगेच पुढे झाली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला.

घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा जेवत होता. तो बस चालवतो. दिवसभर लोकांच्या चुका सांभाळून घेतो म्हणून घरी आल्यावर कोणाची सांभाळत नाही. ‘त्याने प्यायची आणि तू पोट कापून घ्यायचंस?’ तो म्हणाला. ‘हा कुठला न्याय?’ शेजारीण तर माझ्या दुकानात येऊन ऐकवून गेली की असल्या लोकांना कशाला द्यायचं, एखाद्या चांगल्या माणसाला तरी द्यावं. मी म्हटलं, ‘चांगली माणसं निवडून द्यायची ठरली तर तुमच्या घरात कोणाचा नंबर लागेल, ते जरा विचार करून सांगा.’ तिची पँट मी अजून आवळून दिलेली नाही.

पण खरी गंमत पुढेच. माझ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर माझ्याही लिव्हरवर चरबी! गोड बंद, तळलेलं बंद, रोज भरभर चालायचं, वजन उतरलं तरच पुढचं बोलू. म्हणजे दारू त्याने प्यायची आणि साखर मी सोडायची! मी रोज सकाळी शिव्या घालत चालायला जायचे. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही माझी सवय झाली. चरबी मात्र उतरली. माझेच कपडे मला आवळून घ्यावे लागले.

त्याच्या बाजूने तर आणखी कडक. दारूने लिव्हर गेलेल्याला नवीन द्यायचं म्हणजे हॉस्पिटलात आधी बैठक बसते. ऑपरेशन करणारे, मनाचे डॉक्टर, समुपदेशक, सगळे मिळून विचार करतात की हा माणूस परत पिणार तर नाही. रुग्णाने आठवड्यातून एकदा गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून आपल्यासारख्यांबरोबर बोलायचं. मध्येच केव्हाही फोन येणार, त्या दिवशी जाऊन लघवी तपासायला द्यायची. त्यात दारू सापडली की सगळं थांबलं.

त्याने सोडली होती हे मला दिसत होतं. भावजयीने घरातलं खोकल्याचं औषधसुद्धा फेकून दिलं होतं, त्यात दारू असते म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय मला माहीत, तरी मलाही वाटायला लागलं होतं की हा सुटला. काम मोठं झेपत नव्हतं, पण घरी बसल्या बसल्या एखादी चौकट, एखादं स्टूल पॉलिश करायचा. खोकल्याचं औषध फेकणाऱ्या त्यांच्या घरात पलंगाखाली स्पिरिटचा डबा राजरोस उभा होता, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. तो कामाचा डबा होता ना! कामाच्या डब्यावर कोण संशय घेतं?

ऑपरेशनची तारीख ठरायच्या बेतात असताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. खोलीत शिरल्या शिरल्या मला कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण बाईंनी बसा म्हणायच्या आधी दार लावलं.

‘लघवीत दारूचा अंश आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘थोडा आहे, पण आलाय.’

भावजय रडायला लागली. मी भावाकडे बघितलं. त्याने तोंड नेहमीसारखं साधं केलं होतं आणि त्या प्लॅस्टिकच्या लिव्हरकडे बघत होता. माझ्या हाताला अशी कंड सुटली म्हणून सांगू! डॉक्टर समोर होत्या म्हणून वाचला.

डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्ही पॉलिशचं काम करता ना? अजून करता?’

मी खुर्चीवरून उठलेच. ‘करतो! घरात करतो! दारं लावून! धूळ बसू नये म्हणून खिडकीसुद्धा उघडत नाही! अहो, त्याच्या घरात स्पिरिटचा एवढा वास असतो की माशी भिंतीवर बसत नाही!’

‘मग त्याने येऊ शकतं,’ बाई म्हणाल्या. ‘बंद खोलीत ती वाफ तासन् तास आत गेली तर एवढा अंश दिसतो कधी कधी. आम्हाला आधी विचारायला हवं होतं. काम पूर्ण बंद करा. थोड्या दिवसांनी परत तपासू. तेव्हा काही आलं नाही तर ठरल्याप्रमाणे पुढे जाऊ.’

माझ्या जिवात जीव आला. भावजयीने डोळे पुसले. मी भावाला तिथेच झापायला सुरुवात केली, की बघ, तुझ्या त्या बोळ्यापायी आत्ता जीव गेला असता आमचा.

‘वाफेने नाही, डॉक्टर,’ तो म्हणाला. ‘मी प्यायलो.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘वाफेने पण आलं असेल थोडं,’ तो म्हणाला. ‘पण प्यायलो मी. एका बाईंच्या आरशाची चौकट करायला घेतली होती. शेवटचा हात झाला, वाळत ठेवली. ही बाहेर गेली होती. मी बसलो होतो, हातांना काही सुचेना. खाली जाऊन बाटली आणली. अर्धी प्यायलो आणि अर्धी ओतून दिली.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. ‘हे मला का सांगताय?’ त्यांनी विचारलं, जसं एखाद्याला पत्ता विचारावा तसं.

‘आजवर हेच सांगत आलो ना सगळ्यांना, कामाचा वास आहे म्हणून,’ तो म्हणाला. ‘आता तर तुम्हीच म्हणालात. पण ताईचं पोट कापणार तुम्ही. तिला माहीत नको?’

बाहेर आल्यावर मी काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात बाकांवर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या, एवढंच सांगते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला! ‘मेल्या,’ मी म्हटलं, ‘जन्मभर खोटं बोललास. आणि जिथे डॉक्टर स्वतः तुझ्या हातात खोटं ठेवत होती, तिथे तुला खरं बोलायची हुक्की आली? नेमकी आजच?’

‘हो,’ तो म्हणाला.

अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

बैठक बसली आणि ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं. पॉलिश पूर्ण बंद, खुर्च्यांच्या गोलात आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा यायचं, रक्तसुद्धा तपासायचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्वतःहून बोलला म्हणून एवढ्यावर भागलं, मागाहून उघडकीला आलं असतं तर काही खरं नव्हतं. पण त्याचं लिव्हर हे तीन महिने काढेल का, याची खात्री त्यांना देता येईना.

‘झालं,’ नवरा म्हणाला. ‘सुंठेवाचून खोकला गेला. आता सरळ नाही म्हण.’

मी काही बोलले नाही. तो घाबरला. मी काही बोलत नाही असं आमच्या संसारात फारसं झालेलं नाही.

त्याच आठवड्यात समुपदेशक बाईंनी मला एकटीला बोलावलं. या बाई फक्त देणाऱ्याच्या बाजूच्या असतात, घेणाऱ्याशी त्यांचा संबंध नाही. लहानशी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा. त्यांनी मला सांगितलं की तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यावरसुद्धा. आणि नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना कारण सांगत नाही. फक्त सांगतो की यांचं लिव्हर देता येणार नाही, जुळत नाही.

‘म्हणजे तुम्ही खोटं बोलणार?’ मी विचारलं.

‘या दाता म्हणून योग्य नाहीत, असं आम्ही म्हणतो,’ बाई म्हणाल्या. ‘आणि ते खरंच असतं. ज्याचं मन नाही तो योग्य नाही.’

सावकाश विचार करा म्हणाल्या. मी दुकानात बसून विचार केला. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचं होतं. मला भीती वाटत होती. लोकांची शिवण उसवताना रोज वाटायचं, आपल्यालाही असंच उसवणार, आणि परत नीट शिवतील कशावरून? आणि कशासाठी? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी महिनोन् महिने साखरेचा दाणा तोंडात घातला नाही आणि याला एका चौकटीपायी बाटली लागली. माझं अर्धं लिव्हर त्याच्या पोटात घालायचं आणि त्यावर त्याने पुन्हा दारू ओतायची? मी ‘जुळत नाही’ म्हणायचं जवळजवळ ठरवलंच होतं. कोणाला कळणार होतं?

मग एका दुपारी तो दुकानात आला. जिना नाही, चढ नाही, तरी धाप लागली होती. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. डोळे पिवळेधमक, पोट मांडीवर आलेलं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘त्या बाईंनी तुला सांगितलं असेल ना?’

‘काय?’

‘ते, जुळत नाही म्हणून सांगतात ते.’

माझ्या हातातली सुई थांबली. ‘तुला कोणी सांगितलं?’

‘तिथे बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातला एक बेकरीवाला आहे, त्याच्या भावाचं सगळं जुळलं होतं आणि मग अचानक जुळलं नाही. तेव्हाच सगळे समजले. बेकरीवालाही समजला. काही बोलला नाही. भाऊ अजून त्याला सोबत करायला येतो, दोघे डबा वाटून खातात.’ त्याने श्वास घेतला. ‘तुझंही जुळलं नाही तर मीसुद्धा काही बोलणार नाही. तुझ्याकडे चहाला येत जाईन. जमेल तोवर. एवढंच सांगायला आलो.’

मी उठून आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता. मला त्याच्याकडे बघवेना.

‘तू परत पिशील का?’ मी आरशातूनच विचारलं.

‘माहीत नाही,’ तो म्हणाला.

‘माहीत नाही म्हणजे?’

‘आज नाही पिणार. आजचं सांगू शकतो. पुढचं माहीत नाही, ताई.’

मी वळून त्याच्याकडे बघितलं. शपथ नाही, माझ्या डोक्यावर हात नाही, ते साधं तोंडही नाही. तोंड घाबरलेलं होतं. त्याला जगायचं होतं हे दिसत होतं, आणि तरी माझ्याकडून हो मिळवायला लागेल ते वाक्य तो बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच असं उत्तर दिलं होतं की ज्यावर मला विश्वास ठेवता येईल. मला त्याची इतकी माया आली की मी त्याला हाकलूनच दिलं. ‘जा घरी,’ म्हटलं, ‘गिऱ्हाइकाची जागा अडवू नकोस.’

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंना जाऊन सांगितलं, ‘देते.’

‘काय विचार केलात?’ त्यांनी विचारलं.

‘त्याला विचारलं, परत पिशील का. माहीत नाही म्हणाला. म्हणून देते. शपथ घेतली असती तर दिलं नसतं.’

बाईंनी लिहून घेतलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. नवऱ्याला सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग जेवताना एकदम म्हणाला, ‘त्या हॉस्पिटलात गाडी लावायला जागा आहे का?’ मी समजले.

ते तीन महिने त्याने कसे काढले ते भावजयीला विचारा. पोटातलं पाणी सुईने काढायचे, पुन्हा भरायचं. एकदा त्याला काही ओळखूच येईना, डॉक्टरीणबाईंना वस्ताद म्हणायला लागला आणि आधी लाकूड नीट घासून घ्या म्हणून सांगायला लागला. लिव्हरने साफ न केलेलं विष डोक्यात चढतं तेव्हा असं होतं, म्हणे. त्या वेळी मला वाटलं, संपलं, खरं बोलण्यानेच मारलं याला. मी डॉक्टरीणबाईंवरही ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याचं औषध बदललं. चार दिवसांनी त्याने मला ओळखलं आणि विचारलं, ‘तू आज चालायला गेलीस का?’ माझ्या वजनाची काळजी! स्वतः मरायला टेकलेला!

पण तपासण्या सगळ्या कोऱ्या आल्या. लघवी, रक्त, सगळं. तारीख ठरली, आणि एका सकाळी आम्हा भावंडांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं.

ऑपरेशनचं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा पोटावरून नवऱ्याची बस गेल्यासारखं वाटत होतं. दोन-तीन दिवसांनी नर्स सांगत आली की चपड्याचे डोळे पांढरे झाले. लोकांचे भीतीने होतात, याचे बरं झाल्यावर झाले. मी हसले आणि टाके असे ताणले गेले की त्या नर्सला दोन शिव्या दिल्या. मग मुसमुसून रडले. तेव्हाही टाके ताणले गेले.

आता तो फर्निचरच्या एका दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला लाकूड कुठलं, टिकेल किती, ते सांगतो. स्पिरिटला हात लावायचा नाही, धूळ खायची नाही, गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि त्या जन्मभर. खुर्च्यांच्या गोलात अजून जातो. लोक मला विचारतात, सुटली ना आता कायमची? मला काय माहीत? त्यालाच माहीत नाही, तर मी कोण सांगणार.

परवाचीच गोष्ट. भर दुपारी दुकानात गर्दी होती. एका गृहस्थांच्या पँटच्या तळाला मी टाचण्या लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. चपड्याचा.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘मी नाक्यावरच्या दारूच्या दुकानासमोर उभा आहे.’

‘काय झालं?’

‘काही नाही झालं. उभा आहे.’

‘तिथेच उभा राहा,’ मी म्हटलं. ‘हलू नकोस. आले.’

त्या गृहस्थांना एका पायाला टाचण्या, दुसरा पाय लोंबता, तसंच आरशासमोर सोडून मी निघाले. भर उन्हात धावत. ऑपरेशननंतर मी धावले नव्हते. पोहोचले तर हा समोरच्या फुटपाथवर खांबाला टेकून उभा, हातात फोन. मला बघून दुकानदार आतून ओरडला, ‘ताई, न्या हो यांना! घेतही नाहीत, जातही नाहीत, माझी गिऱ्हाइकं बुजतात!’

मला आधी श्वास घ्यावा लागला. मग मी सुरू झाले. ‘मेल्या, बायकोला फोन करायचास! तुझ्या त्या खुर्च्यांवाल्यांना करायचास! मीच सापडले? माझं गिऱ्हाईक तिकडे अर्ध्या पँटीत उभं आहे!’

त्याने सगळं ऐकून घेतलं.

‘लिव्हर तुझं आहे ना,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, आधी तुला विचारावं.’

‘काय विचारावं?’

‘पिऊ का म्हणून.’

तो थट्टा करत नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, भर रस्त्यात, त्या दुकानदारासमोर, आणि मला ते थांबवताही येईना.

‘नको पिऊस,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला, आणि माझ्याबरोबर चालायला लागला.